हबशी म्हणजे काय? इथिओपियाचा वारसा आणि आपला नगर जिल्हा



आजचा पाठ एका चुकीतून तयार झाला आहे. चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगते.

चौथीच्या वर्गात शहाजीराजांचा पाठ चालू होता. त्यात मलिक अंबर येतो, भातवडीची लढाई येते. पुस्तकातलं वाचून झालं आणि मी जादा माहिती म्हणून सहज जोडून दिलं, "मलिक अंबर मूळचा हबशी होता बरं का." एवढं म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग मागच्या रांगेतल्या एका मुलाकडे वळून हसायला लागला. त्याचा रंग जरा जास्त काळा आहे. पोरं त्याला 'हबशी' म्हणून चिडवतात, हे मला त्या दिवशी कळलं. हा शब्द मुलांनी काही पुस्तकातून घेतलेला नव्हता. कुणातरी मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला होता.

मी काय केलं? दरडावलं. "गप्प बसा, कुणाच्या रंगावर हसायचं नाही," म्हटलं आणि धडा पुढे नेला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पावडरचा जाड थर होता. चेहरा पांढरा आणि हात तसेच.

मग मला वाटलं, नुसतं "हसू नका" सांगून भागणार नाही. हबशी म्हणजे कोण, तो देश कुठला, तिथे काय आहे, हे मुलांना माहीतच नाही. खरं सांगायचं तर मलाही धड माहीत नव्हतं. याआधी नकाशा शिकवताना आफ्रिका आली की मी जंगल, सिंह, वाळवंट आणि गरिबी एवढ्यावर पुढे जात असे. पिरॅमिड सांगितले तरी ते आफ्रिकेत आहेत हे मुद्दाम सांगत नसे. म्हणून आधी मी वाचलं आणि मग तीन दिवसांचा पाठ तयार केला. तो जसा घेतला तसा इथे देते आहे.

पाठासाठी साहित्य

जगाचा नकाशा, लोकरीचा धागा, मूठभर ज्वारी, बाजरी आणि नाचणी, अंगाच्या साबणाच्या स्वस्तातल्या वड्या, जुने चमचे. एवढं पुरतं.

दिवस पहिला : शब्द आणि माणूस

सुरुवात शब्दापासूनच केली. फळ्यावर 'हबशी' असं मोठं लिहिलं. वर्गात खुसखूस झाली. मी विचारलं, "पंजाबी म्हणजे कोण?" उत्तर आलं, पंजाबचा. "गुजराती?" गुजरातचा. "मग हबशी?" वर्ग गप्प.

इथिओपियाच्या डोंगराळ मुलखाला अरब लोक 'हबश' म्हणत. त्यावरून तिथला तो हबशी. याच शब्दावरून युरोपात ॲबिसिनिया हे नाव रूढ झालं. म्हणजे हबशी हा गावावरून, मुलखावरून पडलेला शब्द आहे. नगरचा तो नगरकर, तसा. शिवी त्यात कुठेच नाही. ती आपण नंतर त्यात घातली.

मग नकाशावर इथिओपिया शोधला. आफ्रिका हा एक देश नाही, त्या खंडात ५४ देश आहेत, हे इथेच सांगून घ्यावं. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांना आफ्रिका हा एकच देश वाटत होता.

आता मलिक अंबरची गोष्ट. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणचं नाव चापू. लहान असतानाच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तानातून बगदादपर्यंत हातोहात गेला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं, हिशेब आणि कारभार शिकवला, अंबर हे नाव दिलं. पुढे समुद्र ओलांडून तो दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेतलं ते निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. हा चंगीझखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला आणि शिपाईगिरी करत वर चढत गेला.

इथे एका मुलीने विचारलं, "मॅडम, माणसाला विकतात?" हा प्रश्न तुमच्याही वर्गात येईल. तो टाळू नका. हो, विकायचे. आपल्याकडच्या बाजारातही विकायचे. ते वाईटच होतं. आणि ज्याला लहानपणी विकलं, तो पुढे एक राज्य सांभाळतो, हेही त्याच दमात सांगा.

१६०० मध्ये नगरचा भुईकोट किल्ला मुघलांच्या हाती पडला. चांदबीबी त्याच वेळी मारली गेली. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. तेव्हा मलिक अंबरने निजामशाही घराण्यातल्या एका वारसाला परांड्याला गादीवर बसवलं आणि १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते राज्य टिकवून धरलं. समोर आधी अकबराची आणि मग जहांगीराची फौज होती. जहांगीराला तो शेवटपर्यंत कायमचा हरवता आला नाही. शेवटी बादशहाने एक चित्र काढून घेतलं. त्यात तो मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात असं कधी घडलंच नाही. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. लहान मुलांना ते दाखवायची गरज नाही, सातवी-आठवीच्या मुलांशी त्यावर छान चर्चा होऊ शकते.

भातवडी तर आपल्या नगर तालुक्यातलीच. नकाशात किंवा एसटीच्या पाटीवर भातोडी म्हणून शोधा. १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या. मलिक अंबरने तिथल्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या वाटा चिखलात घातल्या, रसद तोडली, रात्री छापे घातले. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढले. शरीफजी तिथेच कामी आले. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या मातीत भोसले आणि एक हबशी वजीर खांद्याला खांदा लावून लढले आहेत.

लढायांशिवायचंही सांगा. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून ओळखली गेली. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला पाणी देण्यासाठी जमिनीखालून नहर नेली. तिला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. दुष्काळी भागातल्या आपल्या मुलांना पाण्याची गोष्ट तलवारीपेक्षा लवकर कळते, हा माझा अनुभव आहे.

कृती : धाग्याचं एक टोक इथिओपियावर चिकटवा, तो बगदादवरून आणून नगरवर चिकटवा. तो धागा आठवडाभर भिंतीवर राहू द्या.

दिवस दुसरा : त्याचा देश

मलिक अंबर 'कुठून आला' हे कळलं, तरी तो देश कसा आहे हा प्रश्न उरतोच. इथे मी प्रत्येक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या किंवा शेजारच्या एखाद्या गोष्टीला जोडून घेतली. त्यामुळे मुलांना परकं वाटलं नाही.

*१. हाडं आणि दगड.* १९७४ मध्ये इथिओपियातल्या हदार या ठिकाणी शास्त्रज्ञांना सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मादीची हाडं सापडली. सांगाड्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग मिळाला. ती दोन पायांवर चालत होती, हे हाडांवरून कळतं. जगात तिला लुसी म्हणतात. तिच्या देशात तिचं नाव दिन्क्नेश आहे, म्हणजे साधारण 'तू अद्भुत आहेस'. आपल्यासारख्या माणसाचे सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीचे अवशेषही याच देशात ओमो नदीच्या खोऱ्यात मिळाले आहेत. म्हणजे माणूस जातीचं माहेर आफ्रिका. तिथूनच माणसं जगभर पसरली. आपण सगळे मूळचे तिकडचेच.

आता नेवासा. ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवर टीका सांगितली ते नेवासा मुलांना माहीत असतंच. त्याच नेवाशाला प्रवरेच्या काठच्या थरांत डॉ. हसमुख सांकलिया यांना १९५० च्या दशकात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली. त्यात हातकुऱ्हाडी आहेत. बदामाच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी छिलून धार काढलेल्या, मुठीत धरता येतील अशा. इथिओपियातल्या कोन्सो इथे याच घडणीच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत आणि त्या साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी आहेत. आपल्या प्रवरेच्या हत्यारांची आणि तिकडच्या हत्यारांची घडण एकाच परंपरेतली आहे. हे सांगितल्यावर मुलं नदीतला दगड उचलून बघायला लागली. खरं हत्यार सापडलंसं वाटलं तर ते उचलून घरी न नेता जागा लक्षात ठेवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं, हे मात्र बजावून सांगा.

आणखी एक गंमत. ज्या १९७४ साली लुसी सापडली, त्याच वर्षी आपल्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला झुडपाची मुळं खणताना धातूचे ओतीव रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चौघांचं मिळून वजन ६० किलोच्या वर. ते एका भिल्ल समाजातल्या कष्टकरी माणसाला सापडले होते. इतिहास फक्त मोठ्या विद्वानांनाच सापडतो असं नाही, हे मुलांना यावरून कळतं.

*२. अक्सुमचा स्तंभ.* सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथिओपियाच्या उत्तर भागात अक्सुमचं राज्य होतं. त्यांची स्वतःची नाणी होती आणि समुद्रावरून भारताशी व्यापार चालायचा. त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पुस्तकात त्यांच्या बंदरात भारतातलं लोखंड आणि सुती कापड येतं, अशी नोंद आहे. त्याच पुस्तकात आपल्या पैठणचंही नाव आहे.

अक्सुमच्या लोकांनी एकसंध दगडाचे प्रचंड स्तंभ उभारले. त्यातला एक २४ मीटर उंच, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढा. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केली आणि १९३७ मध्ये हा स्तंभ रोमला नेऊन उभा केला. इथिओपियाच्या लोकांनी तो सोडून दिला नाही. कित्येक वर्षं मागत राहिले. शेवटी २००५ मध्ये तो विमानाने तीन तुकड्यांत परत आला आणि २००८ मध्ये मूळ जागी पुन्हा उभा राहिला.

मी वर्गाला विचारलं, "आपल्या गावातलं असं काय आहे, जे कुणी नेलं तर आपण परत मागू?" उत्तरं आली, मारुतीची मूर्ती, वेशीचा दगड, बारव. एकाने सांगितलं, "आमच्या शेताजवळच्या वीरगळावर लोक कपडे धुतात." हे मला माहीत नव्हतं.

*३. लालिबेला आणि वेरूळ.* इथिओपियात लालिबेला नावाचं गाव आहे. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास तिथे डोंगर वरून खाली कोरत जाऊन अकरा चर्च काढली. बांधली नाहीत, कोरली. त्यातलं सेंट जॉर्जचं चर्च वरून पाहिलं तर क्रुसाच्या आकाराचं दिसतं. आजही तिथे प्रार्थना होते. हे वाचल्यावर मला एकदम वेरूळचं कैलास लेणं आठवलं. तेही आठव्या शतकात कळसापासून पायापर्यंत असंच कोरलेलं. दोन्हीकडच्या कारागिरांनी एकमेकांना कधी पाहिलं नसेल, पण अक्कल तीच, हिंमत तीच.

आणि गंमत पाहा, मलिक अंबरची कबर आहे खुलताबादला, वेरूळपासून अगदी जवळ. आपली सहल वेरूळला जातेच. पुढच्या वेळी बस जरा वळवा.

कृती : मुलांना साबणाची वडी आणि चमचा द्या. वरून खाली कोरत एक छोटं देऊळ काढायला सांगा. अट एकच, काहीही चिकटवायचं नाही. आमच्याकडे पहिल्या पाच मिनिटांत निम्मे खांब मोडले. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, यात खोडरबर नाही." लालिबेला आणि कैलास समजावायला याहून वेगळं काही बोलावं लागलं नाही.

*४. बाराखडी.* इथिओपियाची स्वतःची लिपी आहे. फार जुनी. त्यात प्रत्येक अक्षराची स्वरांप्रमाणे सात रूपं होतात. आपण जसं ला, ली, लू, ले, लो म्हणतो, तसंच तिथली मुलं एकेका अक्षराची ओळ म्हणत पाठ करतात. "म्हणजे त्यांनापण बाराखडी घोकावी लागते?" असं विचारून मुलं खूश झाली. 'आफ्रिकेत लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं' हा समज पुसायला हा एक मुद्दा पुरेसा आहे.

दिवस तिसरा : डब्यातली आफ्रिका

तिसऱ्या दिवशी मुलांना डबे उघडून बसवलं. बहुतेकांच्या डब्यात भाकरी होती. मी विचारलं, "ज्वारी कुठली?" उत्तरं आली, जामखेडची, कर्जतची, आमच्या शेतातली.

ज्वारी आपलीच आहे, पण ती पहिल्यांदा पेरली गेली आफ्रिकेत. इथिओपियाच्या शेजारी असलेल्या पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लोक ती पिकवायला लागले होते, याचे पुरावे तिथल्या मडक्यांच्या खापरांवर मिळाले आहेत. मडकं थापताना मातीत मिसळलेल्या भुशाचे ठसे खापरात राहून गेले, त्यावरून हे कळलं. बाजरी सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातली. अकोल्याच्या डोंगरात आपले आदिवासी बांधव जी नाचणी पिकवतात, ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली, त्यात इथिओपियाही आला. चवळीसुद्धा आफ्रिकेतलीच.

ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या आणि दर्यावर्दी लोकांच्या हातून इकडे आली. कमी पाण्यात येणारी म्हणून आपल्या कोरडवाहू जमिनीत रुजली. दुष्काळात आपल्या आजी-पणजींना या दाण्यांनी जगवलं.

मी एवढंच म्हटलं, "ज्या मुलखाच्या नावाने आपण चिडवतो, त्या बाजूच्या धान्यावर आपण रोज जेवतो." वर्गात कुणी हसलं नाही. त्या मुलाच्या डब्यातही ज्वारीचीच भाकरी होती आणि वर ठेचा. मी मुद्दाम त्याच्याकडे बघायचं टाळलं. सगळ्यांसमोर त्याला पुन्हा उदाहरण करायचं नव्हतं. तुम्हीही हे सांभाळा. पाठ चिडवणाऱ्यांसाठी असतो, ज्याला चिडवलं त्याच्यावर दिवा पाडण्यासाठी नाही.

मुलांना विचारायचे प्रश्न

- हबशी हा शब्द कोणत्या मुलखावरून आला?
- मलिक अंबरने खडकी शहरासाठी कोणती सोय केली? तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?
- वरून खाली कोरायचं असेल तर सगळ्यांत आधी काय ठरवावं लागेल?
- अक्सुमच्या लोकांनी स्तंभ परत का मागितला असेल?
- आजीला विचारून या : तिच्या लहानपणी घरात कोणकोणती धान्यं होती?

शेवटचा प्रश्न जरूर द्या. आमच्याकडे मुलांनी वरई, राळा, भगर, कोद्रू अशी नावं आणली. वरई आणि भगर एकच की वेगळी, यावर अर्धा तास वाद झाला.

थोडं पालकांशी

पालकहो, माझ्या वर्गातल्या मुलांनी तो शब्द मोठ्यांकडून उचलला होता. "उन्हात खेळू नको, काळा पडशील", "मुलगी सावळी आहे, पण नाकी-डोळी नीटस आहे", ही वाक्यं आपण सहज बोलतो. त्यातला 'पण' मुलं बरोबर ऐकतात. काळेपणाला कमी लेखायचं आणि आफ्रिकेला कमी लेखायचं, या दोन गोष्टी मुलांच्या मनात एकमेकींना घट्ट धरून असतात. एक सोडवायची तर दुसरीलाही हात घालावा लागतो. नुसतं "सगळे रंग सारखे" सांगून मुलांना पटत नाही. त्या माणसांनी काय घडवलं, काय कोरलं, काय पेरलं, हे कळलं की पटायला लागतं.

फरक पडला का?

तीन दिवसांत सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. दोनेक आठवड्यांनी मैदानावर पुन्हा तोच शब्द ऐकू आला. मी पुढे जाणार, एवढ्यात एका मुलीने त्याला अडवलं, "अरे, ते देशाचं नाव आहे. तुला तो देश नकाशात तरी सापडतो का?" तो वर्गात जाऊन शोधून आला.

आणि तो मुलगा? पावडर अजून लावतो, पण आता थोडी. परवा मात्र स्वतःहून माझ्याजवळ आला आणि विचारलं, "मॅडम, भातोडीला एसटी जाते का?" त्याच्या वडिलांना सुट्टी मिळाली की ते दोघं तलाव बघायला जाणार आहेत. मी त्यांना शाळेतला नकाशा आणि एक वही दिली आहे. तिथे काय काय दिसलं ते लिहून आणायचं ठरलं आहे. ते तोच वर्गात वाचून दाखवेल.

तुमच्या गावातही असा एखादा धागा असेल. एखादं नाव, एखादा दगड, एखादं धान्य. तो शोधा आणि नकाशावर ताणून बघा.